एज कॉम्प्युटिंग: नेट गेल्यावर हजारो छोट्या कॉम्प्युटरना सांभाळतं कोण?



३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बातम्यांमध्ये तेच गाजलं. पण त्याच कार्यक्रमात आणखी एका योजनेची सुरुवात झाली, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. ती म्हणजे मासेमारी बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना. देशातली १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, टप्प्याटप्प्याने १ लाख बोटी, खर्च सुमारे ३६० कोटी रुपये आणि तंत्रज्ञान इस्रोचं.

हा ट्रान्सपॉन्डर म्हणजे बोटीवर बसणारी एक छोटी पेटी. ती उपग्रहाशी बोलते. खोल समुद्रात मोबाइलची रेंज नसते, तिथूनही संकटाचा संदेश किनाऱ्यावर पाठवता येतो. वादळाचा इशारा उलट दिशेने बोटीपर्यंत येतो. सागरी हद्द जवळ आली तर तसा इशारा मिळतो. तांडेलाचा फोन ब्लूटूथने या पेटीला जोडला, की 'नभमित्र' नावाच्या ॲपवर हे सगळं दिसतं. डहाणू, सातपाटी, झाईच्या माणसांना यातली किंमत वेगळी सांगायला नको. नकळत हद्द ओलांडली आणि वर्षानुवर्षं कराचीच्या तुरुंगात अडकले, असे खलाशी आपल्याच जिल्ह्यातले आहेत.

आता एक साधा हिशोब करू. समजा उद्या अशा १ लाख पेट्यांमधल्या सॉफ्टवेअरमध्ये काही बदल करायचा आहे आणि माणूस प्रत्यक्ष जाऊन तो करणार आहे. एका बोटीला अर्धा तास धरला तरी ५० हजार तास होतात. रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस काम करणाऱ्या एका माणसाला हे संपवायला जवळपास २१ वर्षं लागतील. आणि बोट त्या दिवशी बंदरात असेलच असं नाही.

पेटी बसवणं हे अर्धंच काम झालं. लांब, विखुरलेल्या, कधी नेट असलेल्या तर कधी नसलेल्या हजारो कॉम्प्युटरवर कोणतं सॉफ्टवेअर चालावं, ते बंद पडलं तर कोणी उठवावं, नवीन व्हर्जन कसं पोचवावं, हे पुढचं काम. त्याला म्हणतात एज ऑर्केस्ट्रेशन. आजच्या लेखात आपण तेच समजून घेऊया.

एज म्हणजे नेमकं कुठे?

तुम्ही फोनवर फोटो बॅकअप करता, रील बघता, तेव्हा खरं काम कुठल्यातरी मोठ्या डेटा सेंटरमध्ये होतं. तो झाला क्लाउड. एज म्हणजे कड, काठ. जिथे माहिती तयार होते त्याच जागी किंवा तिच्या अगदी जवळ काम करणारा कॉम्प्युटर हा एज कॉम्प्युटर. बोटीवरची पेटी, कारखान्यातल्या मशिनशेजारचा बॉक्स, दुकानातला बिलिंगचा कॉम्प्युटर, रेल्वे इंजिनातलं यंत्र, आणि हो, तुमच्या हातातला फोनसुद्धा.

बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की क्लाउड लांब आहे, उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून एज हवं. हे अर्धवट खरं आहे. वाणगावचंच उदाहरण घ्या. रेल्वेने चर्चगेटपासून वाणगाव सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे वाणगाव ते मुंबई एवढं अंतर तो एका मिलीसेकंदापेक्षाही कमी वेळात कापतो. मध्ये टॉवर, राउटर वगैरे धरून उत्तर यायला काही दशक मिलीसेकंद लागले तरी बहुतेक कामांना ते चालतं. मुंबई इतकी जवळ असताना वाणगावात एज कशाला हवं मग?

कारणं तीन आहेत.

पहिलं कारण, नेट तुटतं. पावसाळ्यात लाइट गेली, टॉवरची बॅटरी उतरली, रस्त्याच्या कामात केबल तुटली, की क्लाउड मुंबईत असला काय आणि अमेरिकेत असला काय, सारखंच. बोटीसाठी तर नेट नसणं हीच नेहमीची अवस्था.

दुसरं कारण, माहिती फार असते आणि पाइप लहान असतो. तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात २० कॅमेरे आहेत असं समजा. एका चांगल्या कॅमेऱ्याला सेकंदाला ४ मेगाबिट लागतात. दिवसाचे झाले साधारण ४३ जीबी. २० कॅमेऱ्यांचे रोज ८६० जीबीपेक्षा जास्त. हे सगळं क्लाउडवर चढवायचं आणि तिथे तपासायचं की कामगाराने हेल्मेट घातलंय का? त्यापेक्षा तिथल्या तिथे तपासा आणि 'गेट नंबर २, हेल्मेट नाही, ११ वाजून ५ मिनिटं' एवढी एक ओळ आणि एक फोटो पाठवा. उपग्रहाच्या बाबतीत पाइप आणखी बारीक. तिथे छोटे संदेशच जातात.

तिसरं कारण वेळ, पण ते काही ठरावीक कामांपुरतंच. ताशी १३० किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात ३६ मीटर जाते. ब्रेक लावायचा की नाही हे लांबच्या सर्व्हरला विचारत बसता येत नाही.

म्हणजे वाणगावसारख्या ठिकाणी मुख्य अडचण अंतराची नाही, भरवशाची आहे. हे डोक्यात पक्कं ठेवा. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

कुबरनेटिस म्हणजे आपला तांडेल

क्लाउडमध्ये हजारो कॉम्प्युटर सांभाळायला एक प्रसिद्ध सॉफ्टवेअर वापरतात. त्याचं नाव कुबरनेटिस. गूगलने ते २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं आणि २०१५ मध्ये त्याचं पहिलं पूर्ण व्हर्जन आलं. शब्द ग्रीक आहे, अर्थ सुकाणू धरणारा. त्याच्या लोगोतही जहाजाचं चाक आहे. आपल्या किनाऱ्यावर या माणसाला तांडेल म्हणतात.

कुबरनेटिसला कळण्याआधी कंटेनर कळला पाहिजे. एखादं ॲप चालायला लागणारं सगळं सामान, म्हणजे कोड, लायब्ररी, सेटिंग, एकत्र बांधलेलं गाठोडं म्हणजे कंटेनर. गाठोडं कुठल्याही कॉम्प्युटरवर सोडवलं तरी आतलं ॲप सारखंच चालतं. 'माझ्या लॅपटॉपवर तर चालत होतं' हे कारण सांगायची सोय राहत नाही.

अशी शेकडो गाठोडी शेकडो कॉम्प्युटरवर चालवायची असतील तर कोणीतरी वाटणी करायला हवी. ती वाटणी आणि देखरेख म्हणजे ऑर्केस्ट्रेशन.

यातली मुख्य युक्ती साधी आहे. तुम्ही कुबरनेटिसला 'हे कर, मग ते कर' अशा आज्ञा देत नाही. तुम्ही एका फाइलमध्ये लिहून देता की शेवटी काय असायला हवं. उदाहरणार्थ, 'पाण्याचं ॲप, व्हर्जन ५, प्रत्येक बॉक्सवर एक.' याला अपेक्षित स्थिती म्हणू. मग सॉफ्टवेअर सतत तीन गोष्टी करत राहतं: हवं काय ते बघ, आहे काय ते बघ, फरक असेल तर मिटव. ॲप बंद पडलं? हवं एक, आहे शून्य, म्हणजे पुन्हा चालू कर. व्हर्जन ४ चालू आहे? हवं ५, म्हणजे बदल.

बोटीच्या मालकाचं आणि तांडेलाचं असंच असतं ना. मालक दर तासाला फोन करून 'आता डावीकडे वळव, आता जाळं टाक' असं सांगत नाही. निघताना ठरतं, मग समुद्रात निर्णय तांडेलाचा.

मिरचीच्या शेडनेटमध्ये

आता हे प्रत्यक्षात कसं दिसेल ते बघू. वाणगाव-डहाणू पट्ट्यात मिरची आणि ढोबळी मिरचीची शेती मोठी. समजा इथल्या ४० शेतकऱ्यांनी मिळून आपापल्या शेडनेटमध्ये एकेक छोटा बॉक्स बसवला. रास्पबेरी पायसारखा, हातात मावणारा. हे उदाहरण काल्पनिक आहे, पण यातलं प्रत्येक तंत्र आज वापरात आहे.

बॉक्सवर तीन कामं आहेत.

पाणी: मातीतला ओलावा मोजायचा आणि ठिबकचा व्हॉल्व्ह उघडायचा किंवा बंद करायचा.

फोटो: पानांचे फोटो तपासायचे आणि बोकड्याची लक्षणं दिसतायत का ते सांगायचं.

हिशोब: किती पाणी गेलं, किती माल निघाला, याच्या नोंदी ठेवायच्या आणि शेतकऱ्याच्या फोनवर दाखवायच्या.

ही तीन कामं एकाच जागी करायची गरज नाही. पाण्याचं काम शेतातच हवं, कारण नेट गेलं म्हणून झाडं तहानलेली ठेवता येत नाहीत. हिशोब क्लाउडवर ठेवला तरी बिघडत नाही, तासाभराने नोंदी पोचल्या तरी चालतात. फोटो तपासायला ताकद लागते, ते काम पॅकिंग शेडमधल्या एका दणकट कॉम्प्युटरवर ठेवता येईल, किंवा बॉक्सवरच रात्री करता येईल.

कोणतं काम कुठे चालवायचं हे ठरवणं ही ऑर्केस्ट्रेशनची पहिली पायरी. कुबरनेटिसमध्ये यासाठी बॉक्सना लेबल लावतात: 'व्हॉल्व्ह जोडलेला आहे', 'कॅमेरा आहे', 'मेमरी ८ जीबी'. फाइलमध्ये लिहिलं की पाण्याचं ॲप व्हॉल्व्ह असलेल्या प्रत्येक बॉक्सवर हवं, की बाकी ते बघून घेतं.

दुसरी पायरी म्हणजे प्राधान्य. एक जीबी मेमरीचा बॉक्स आहे आणि फोटोचं ॲप अचानक जास्त मेमरी खायला लागलं, तर मारायचं कोणाला? प्राधान्य आधीच लिहिलेलं असेल तर फोटोचं ॲप बाजूला होतं आणि पाणी चालू राहतं. लिहिलेलं नसेल तर कोणाचा बळी जाईल याचा भरवसा नाही.

नेट गेल्यावर खरी परीक्षा

क्लाउडसाठी बनवलेलं कुबरनेटिस जसंच्या तसं शेतात ठेवलं तर गडबड होते.

डेटा सेंटरमध्ये एखाद्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला तर मुख्य सर्व्हर थोडा वेळ वाट बघतो. मूळ सेटिंगप्रमाणे साधारण पाच मिनिटांनी तो ठरवतो की हा कॉम्प्युटर गेला, याच्यावरची ॲप्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालू करा. तिथे हे बरोबर आहे. शेजारच्या रॅकमध्ये तसाच दुसरा कॉम्प्युटर रिकामा असतो.

शेतात काय होईल? आसनगावच्या शेडनेटमधला बॉक्स ठणठणीत आहे, पाणी देतोय, फक्त नेट गेलंय. मुख्य सर्व्हरला वाटतं तो मेला. मग तो पाण्याचं ॲप कुठे हलवणार? चिंचणीच्या शेतातल्या बॉक्सवर? व्हॉल्व्ह तर आसनगावात आहे!

एजवर 'संपर्क नाही' याचा अर्थ 'बंद पडलाय' असा होत नाही. डेटा सेंटर आणि एजमधला सगळ्यात मोठा फरक हाच.

दुसरी अडचण आणखी वाईट. लाइट गेली, बॉक्स बंद झाला. तासाने लाइट आली, पण नेट अजून नाही. बॉक्स चालू होतो आणि विचारतो, 'मी काय चालवायचं?' साध्या कुबरनेटिसमध्ये ही यादी मुख्य सर्व्हरकडे असते. सर्व्हर लागत नाही, म्हणून बॉक्स रिकामाच बसतो.

हे दोन्ही प्रश्न सोडवायला एजसाठी वेगळी सॉफ्टवेअर तयार झाली. त्यातलं एक क्यूबएज. ते यादीची एक प्रत बॉक्सवरच छोट्या डेटाबेसमध्ये साठवून ठेवतं. नेट नसताना बॉक्स पुन्हा चालू झाला तरी तो स्वतःजवळची यादी वाचून कामाला लागतो. नेट आलं की काय काय झालं ते मुख्य सर्व्हरला कळवतो आणि नवीन काही असेल तर घेतो. दुसरं के-थ्री-एस, २०१९ मध्ये आलेलं. ते कुबरनेटिसच आहे, पण अंग कमी केलेलं: १०० एमबीपेक्षा लहान एकच फाइल, जी अर्ध्या जीबी मेमरीच्या कॉम्प्युटरवरही चालू शकते.

हे फक्त प्रयोगशाळेतलं नाही. अमेरिकेतल्या चिक-फिल-ए या रेस्टॉरंट साखळीने प्रत्येक रेस्टॉरंटच्या मागच्या खोलीत तीन छोटे कॉम्प्युटर ठेवून त्यांवर कुबरनेटिस चालवलं. एक बंद पडला तर उरलेले दोन काम उचलतात, आणि बाहेरचं नेट गेलं तरी किचन चालू राहतं. रेस्टॉरंट दोन हजारांहून जास्त आहेत आणि तिथे कोणी इंजिनिअर बसलेला नसतो.

अपडेट: ज्यात सगळ्यात जास्त धोका

१९ जुलै २०२४ आठवतोय? सकाळी भारतीय वेळेनुसार ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक छोटी फाइल जगभरच्या ग्राहकांना पाठवली. फाइलमध्ये चूक होती. १० वाजून ५७ मिनिटांनी, म्हणजे ७८ मिनिटांत, ती मागे घेतली. पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले होते. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

कंपनीने दुरुस्ती दीड तासाच्या आत दिली, मग जगाला सावरायला कित्येक दिवस का लागले? कारण अडकलेला कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता, म्हणून त्याला नेटवरून दुरुस्ती पोचणार कशी? बहुतेक ठिकाणी माणसाने समोर बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढावी लागली. म्हणजे लेखाच्या सुरुवातीचा आपला अर्ध्या तासाचा हिशोब, तो इथे खराच करावा लागला.

यातून एजसाठी चार नियम निघतात.

१. सगळ्यांना एकदम पाठवू नका. ४० बॉक्स असतील तर आधी एक, मग चार, मग बाकीचे. मध्ये थांबून बघा. पाण्याच्या अपडेटसाठी निदान एक पूर्ण दिवस, म्हणजे सकाळ, दुपार आणि रात्र पार पडू द्या. याला टप्प्याटप्प्याचं रोलआउट म्हणतात.

२. चालतंय का हे बॉक्सनेच तपासावं. ॲप चालू आहे एवढं पुरत नाही. ओलाव्याचे आकडे येतायत का, व्हॉल्व्ह उघडल्यावर ओलावा वाढतोय का, हे बघणारी तपासणी हवी.

३. मागे फिरायची वाट बॉक्सवरच ठेवा. जुनं व्हर्जन पुसू नका. नवीन नापास झालं की कोणाला न विचारता जुन्यावर परत या. परत येण्यासाठी नेट लागत असेल, तर ती वाट नसल्यातच जमा.

४. सेटिंगची फाइलसुद्धा अपडेटच समजा. क्राउडस्ट्राइकच्या वेळी प्रोग्राम बदलला नव्हता, माहितीची फाइल बदलली होती, आणि अशा फाइल तेव्हा टप्प्यांमध्ये जात नव्हत्या. नंतर कंपनीने तसं करायला सुरुवात केली.

आता हेच नियम बोटीला लावून बघा. हद्दीच्या इशाऱ्याचं सॉफ्टवेअर चुकीच्या अपडेटने बंद पडलं आणि बोट तेव्हा किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरवर असेल तर? म्हणून अशा पेट्यांसाठी आणखी एक नियम हवा: बोट बंदरात असतानाच अपडेट करा. आणि हद्द जवळ आली का हे गणित पेटीतच व्हायला हवं. उपग्रह ३६ हजार किलोमीटर वर आहे. संदेश वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, तेवढा उशीर बोटीला चालेल. पण संदेश गेलाच नाही तर काय, हा खरा प्रश्न आहे.

कोणी, कधी, काय बदललं?

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये १७ प्रकारच्या जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना सांडपाणी आणि धूर ऑनलाइन मोजणारी यंत्रणा बसवायला सांगितली. औषधं, रंग, कीटकनाशकं त्यात येतात, म्हणजे तारापूर एमआयडीसीच्या ओळखीची यादी. सेन्सर मोजतो, शेजारचा डेटा लॉगर आकडे गोळा करतो आणि मंडळाच्या सर्व्हरला पाठवतो. हेही एजच.

इथे प्रश्न विश्वासाचा येतो. आकडा खरा आहे हे कशावरून? लॉगरवर कोणतं सॉफ्टवेअर होतं, सेटिंग कोणी बदललं, कधी बदललं, हे कळलं तरच आकड्याला अर्थ. व्यवस्थित ऑर्केस्ट्रेशनमध्ये अपेक्षित स्थिती फाइलमध्ये लिहिलेली असते आणि त्या फाइलच्या प्रत्येक बदलाची नावानिशी नोंद राहते. सॉफ्टवेअरच्या गाठोड्यावर डिजिटल सही असते. सही जुळली नाही तर बॉक्स ते चालवत नाही.

शिवाय एजचा बॉक्स कुलूपबंद डेटा सेंटरमध्ये नसतो. तो शेतात, बोटीवर, पत्र्याच्या शेडमध्ये असतो. कोणी उचलून नेला तर? म्हणून आतली मेमरी एन्क्रिप्ट केलेली हवी, प्रत्येक बॉक्सला स्वतःचं वेगळं डिजिटल ओळखपत्र हवं, आणि चोरी झाल्यावर ते एकच ओळखपत्र रद्द करता आलं पाहिजे. सगळ्या ४० बॉक्सना एकच पासवर्ड ठेवला असेल तर एक चोरी म्हणजे चाळीस चोऱ्या.

तुमच्या खिशातला एज

हे सगळं लांबचं वाटत असेल तर फोन हातात घ्या. प्ले स्टोअरवर एखाद्या ॲपचं नवीन फीचर मित्राला आलं आणि तुम्हाला नाही, असं झालंय ना? फोन खराब नाही. तेच टप्प्याटप्प्याचं रोलआउट. डेव्हलपर आधी थोड्या टक्के फोनना अपडेट देतो, ॲप क्रॅश होतंय का बघतो, मग टक्केवारी वाढवतो.

'ॲप्स रात्री चार्जिंगला असताना, वायफायवर अपडेट करा' हे सेटिंग? शेतातल्या बॉक्सचं अपडेट पाणी चालू नसताना करा, हाच तो विचार.

२०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून बऱ्याच फोनमध्ये सिस्टिमसाठी दोन कप्पे असतात. तुम्ही एका कप्प्यावर फोन वापरत असता, तेव्हा नवीन व्हर्जन दुसऱ्यात भरलं जातं. रीस्टार्टनंतर नवीन कप्पा नीट चालू झाला नाही तर फोन जुन्या कप्प्यावर परत येतो. आपला तिसरा नियम.

आणि भूकंप! नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागाने किती धक्के सोसले हे आपल्याला माहीत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने भारतात अँड्रॉइडचा भूकंप इशारा सुरू केला. त्यात टेबलावर स्थिर ठेवलेला, चार्जिंगला लावलेला फोन आपल्या सेन्सरने हादरा ओळखतो आणि सर्व्हरला छोटा संदेश पाठवतो. एका फोनवरून काहीच ठरत नाही, कोणी टेबलावर हात आपटला असेल. एकाच भागातल्या बऱ्याच फोनचे संदेश आले की सर्व्हर ठरवतो. हादरा ओळखणं एजवर, खात्री करणं क्लाउडवर. कामाची वाटणी कशी असावी याचं हे उत्तम उदाहरण आहे. फक्त लक्षात ठेवा, हा इशारा ४.५ किंवा त्याहून मोठ्या भूकंपांसाठी आहे. आपल्याकडचे बहुतेक धक्के त्याहून लहान असतात, त्यामुळे फोन गप्प राहिला म्हणजे धक्का बसलाच नाही असं नाही.

जिथे ऑटोमॅटिक अपडेट नकोच

सगळीकडे ही पद्धत लावायची का? नाही. रेल्वेचं 'कवच' घ्या. रुळांमध्ये बसवलेले टॅग, स्टेशनवरचं यंत्र, इंजिनातलं यंत्र आणि त्यांच्यातला रेडिओ मिळून गाडी धोक्यात आहे का ते ठरतं, आणि चालकाने ब्रेक लावला नाही तर इंजिनातलं यंत्र स्वतः लावतं. हेही एजच आहे. पण इथे रात्रीतून एखादं व्हर्जन ढकलून दिलं, बघू चालतंय का, असं करत नाहीत. कवचचं ४.० हे व्हर्जन आरडीएसओच्या मंजुरीनंतर जुलै २०२४ मध्ये ठरलं. जिथे चुकीची किंमत माणसाचा जीव आहे तिथे अपडेट हळूच व्हायला हवं, आधी तपासून, कागदावर सही होऊन.

शिकायचं असेल तर

बोईसर-तारापूरला राहणाऱ्या मुलांसाठी ही चांगली संधी आहे. कारखान्यात मशिन समजणारे लोक आहेत, मुंबई-पुण्यात क्लाउड समजणारे लोक आहेत. दोन्ही थोडं थोडं समजणारे कमी आहेत. आयटीआय किंवा डिप्लोमावाल्यांनी स्वतःला यात कमी समजू नये. सेन्सर कुठे चुकीचं रीडिंग देतो हे ज्याला कळतं, तोच चालतंय का याची तपासणी नीट लिहू शकतो.

सुरुवात घरीच करा. जुना लॅपटॉप असेल तर त्यावर लिनक्स टाका, मग के-थ्री-एस टाका. दोन्ही फुकट आहेत. एखादं छोटं ॲप चालवा. मग हे तीन प्रयोग करा. चालू ॲप मुद्दाम मारा आणि ते आपोआप उठतं का बघा. वायफाय बंद करून लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि ॲप परत येतं का बघा. मुद्दाम बिघडलेलं व्हर्जन टाका आणि जुन्यावर परत जाऊन दाखवा. इथे एकाच लॅपटॉपवर मुख्य सर्व्हर आणि बॉक्स दोन्ही असतील. मित्राचा लॅपटॉप दुसरा बॉक्स म्हणून जोडा, मध्येच वायफाय काढा, मग खरी मजा कळेल.

थोडक्यात सांगायचं तर एज कॉम्प्युटर निवडताना तो किती फास्ट आहे हे शेवटी विचारा. आधी हे विचारा: नेट नसताना तो काय करेल? चुकीचं अपडेट आलं तर स्वतः मागे फिरेल का? कोणी काय बदललं ते दिसेल का? शेतातला बॉक्स असो, कारखान्यातला लॉगर असो की बोटीवरची पेटी, विकणाऱ्याला हे तीन प्रश्न विचाराच. उत्तर 'आमचा माणूस येऊन बघेल' असं आलं, तर तो माणूस किती बॉक्स सांभाळतो तेही विचारून घ्या.

प्रयोग करून बघितलेत तर दुसऱ्या प्रयोगात काय झालं ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या लेखात!